साखळ्या तोडणारे हात काढण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ह्यूस्टनच्या नैऋत्येला, शुगर लँडजवळच्या सबडिव्हिजनमध्ये तुम्ही राहता. क्लबहाउसची पोहण्याच्या तलावाकडची भिंत, ४० फूट लांब आणि ११ फूट उंच, एचओएने, म्हणजे घरमालकांच्या संघटनेने, मोकळी करून दिली आहे. १९ जूनला, म्हणजे टेक्सासातल्या गुलामांच्या सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या जूनटीन्थला, तिचं उद्घाटन करायचंय. हाताशी तीन महिने. समितीत सहा जण. चार भारतीय, एक निवृत्त गोरे गृहस्थ आणि एक कृष्णवर्णीय बाई. तुम्हाला चित्रकला येते म्हणून काम तुमच्या गळ्यात पडलं. मनातला आराखडा: मधोमध लिंकन, दोन्ही बाजूंना साखळी तोडणारे हात, खाली वारली पद्धतीची फेर धरून नाचणारी माणसं. आणि शेवटी विचारलंय, 'आपण भारतीयांनी हे काढावं का, आणि रंग कुठला वापरावा?'

रंगाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटाकडे देते. 'काढावं का'चं उत्तरही सोपं आहे: जरूर काढा. अवघड प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. आराखडा समोर ठेवल्यावर त्याला 'नको' म्हणायचा अधिकार कुणाला? ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांची ही गोष्ट आहे, त्यांचं मत तुमच्या समितीत सहात एक आहे. हात वर करून मतं घेतलीत तर तुम्ही दरवेळी जिंकाल, आणि भिंत फसेल.

माझ्याबद्दल दोन ओळी. ब्रश धरायला मी कोल्हापुरात शिकले, सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्यांच्या हाताखाली. ग्राफ मारून वीतभर फोटोचा वीस फुटी चेहरा कसा करायचा ते त्यांनी शिकवलं; कॉलेजात नंतर जे शिकले ते त्याच्यापुढे फार नाही. गेली सोळा वर्षं टेक्सासमध्ये शाळा, चर्च, वाचनालयांच्या भिंती रंगवते. जूनटीन्थच्या चार भिंतींवर हात चालवलाय. दोन चांगल्या उतरल्या, एक बरी, एक फसली. फसलेली पुढे येईलच.

आधी वॉशिंग्टनची गोष्ट, कारण 'नको कोण म्हणणार' हे तिच्याइतकं कुठेच स्पष्ट होत नाही. १८६५मध्ये लिंकनची हत्या झाली तेव्हा शार्लट स्कॉट नावाच्या, गुलामीतून सुटलेल्या बाईने पाच डॉलर काढून दिले, त्याचं स्मारक व्हावं म्हणून. मग इतर मुक्त झालेल्या लोकांनी, त्यांच्यातल्या सैनिकांनी पैसे घातले. पुतळ्याचा निधी त्यांच्या घामाचा; पण तो सांभाळणारी आणि आराखडा ठरवणारी संस्था गोऱ्यांची. १४ एप्रिल १८७६ला अनावरण झालं तेव्हा लोकांनी पाहिलं काय, तर लिंकन ताठ उभा, आणि त्याच्या पायाशी एक कृष्णवर्णीय माणूस गुडघ्यावर. स्वतः गुलामीतून निसटून पुढारी झालेले फ्रेडरिक डग्लस त्या दिवशी मुख्य वक्ते होते. काही दिवसांनी त्यांनी एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं की, मरण्यापूर्वी मला असं स्मारक बघायचंय ज्यात आमचा माणूस चार पायांच्या जनावरासारखा बसलेला नसेल, स्वतःच्या पायांवर उभा असेल. ते पत्र २०२०मध्ये पुन्हा उजेडात आलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या पुतळ्याची बोस्टनमधली प्रतिकृती हलवली गेली. मूळ पुतळा वॉशिंग्टनमध्ये अजून आहे.

तुमच्या आराखड्यातला लिंकन गुडघे टेकायला लावत नाही, हे कबूल. तरी मधोमध तो आणि बाजूला धडाशिवायचे, चेहऱ्याशिवायचे काळे हात, ही मांडणी त्याच पुतळ्याच्या चुलत घराण्यातली आहे. ज्याला चेहरा, त्याची गोष्ट.

साखळीबद्दल माझं मत कडक आहे, पण सरसकट नाही. बार्बाडोसमध्ये कार्ल ब्रूडहेगन यांनी केलेला १९८५चा पुतळा आहे, तुटलेल्या साखळ्या मनगटांत घेऊन हात उंचावलेला. लोक त्याला सरळ 'बुसा' म्हणतात. १८१६च्या गुलामांच्या उठावाचा नेता बुसा. तिथे साखळी शोभते, कारण ती कुणी तोडली ते गावाला नावानिशी माहीत आहे. जमैकात किंग्स्टनच्या इमॅन्सिपेशन पार्कमधल्या लॉरा फेसी यांच्या शिल्पात साखळी अजिबात नाही. पाण्यातून वर आलेले, आकाशाकडे बघणारे एक स्त्री आणि एक पुरुष, दोघेही विवस्त्र. २००३मध्ये अनावरण झाल्यावर त्या नग्नतेवरून देशभर वाद पेटला. मला ते शिल्प आवडतं. पण परीक्षकांनी निवडलं आणि लोकांनी ते पहिल्यांदा पाहिलं ते थेट ब्राँझमध्ये, तेव्हा दुसरं काय होणार? साखळी काढा किंवा काढू नका, ती कुणाची हे आधी ठरवा. कुणाचीच नसलेली साखळी म्हणजे आपल्याकडच्या दुकानाच्या पाटीवरचा उगवता सूर्य.

आता टेक्सास. भिंतीवर अक्षरं येणार असतील तर इतिहास नीट हवा. चुकीचं वाक्य चुकीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त टोचतं. गुलामांच्या मुक्तीची लिंकनची घोषणा १ जानेवारी १८६३ची. जनरल गॉर्डन ग्रेंजरने गॅल्व्हस्टनमध्ये हुकूम क्रमांक ३ काढला १९ जून १८६५ला. अडीच वर्षं गेली आणि टेक्सासात सुमारे अडीच लाख माणसं तोवर गुलामीतच होती. 'बातमी उशिरा पोहोचली' हे शाळेतलं वाक्य अर्धवट आहे. मालकांना घोषणेची बातमी होती. ती अमलात आणायला बंदूक घेतलेलं सैन्य तोवर आलं नव्हतं. शिवाय त्या दिवशी सगळ्या देशातली गुलामगिरी संपली असंही नाही. केंटकी आणि डेलावेअरमध्ये ती डिसेंबर १८६५पर्यंत, तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत चालू होती. म्हणून भिंतीवर 'टेक्सासमध्ये' हा शब्द राहू द्या.

तो हुकूम एकदा पूर्ण वाचा, छोटाच आहे. पहिल्या भागात मालक आणि गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समानता असल्याचं म्हटलंय. पुढच्याच ओळींत मुक्त झालेल्यांना सल्ला आहे की आहात त्या घरीच शांतपणे राहा आणि मजुरीवर काम करा. आळशीपणा पोसला जाणार नाही. एकाच कागदावर दोन सूर. चित्रकाराला याहून चांगला मजकूर मिळत नाही.

एका रविवारी मुलांना गाडीत घालून गॅल्व्हस्टनला जा. तुमच्याकडून सव्वा तासाच्या आसपास. स्ट्रँड आणि २२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, ग्रेंजरचं कार्यालय जिथे होतं त्या जागेकडे तोंड केलेल्या इमारतीवर २०२१चं पाच हजार चौरस फुटांचं भित्तिचित्र आहे. रेजिनाल्ड ॲडम्स आणि त्यांच्या चमूचं. नाव त्या हुकुमातूनच घेतलंय, 'संपूर्ण समानता'. तिथे लिंकन आहे, पण अनेकांतला एक. ग्रेंजरच्या बाजूला कृष्णवर्णीय सैनिक आहेत, गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन आहे, आणि गोष्ट १८६५ला सुरूच होत नाही. ती सुरू होते १५२८मध्ये या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या एस्तेव्हानिको या आफ्रिकी गुलामापासून. पाठ सूर्याकडे करून उभे राहा आणि बघा की लांबून काय दिसतं, दहा फुटांवरून काय दिसतं. तुमची भिंत याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान आहे. एवढी पात्रं तिच्यात कोंबाल तर लग्नाचा ग्रुप फोटो होईल.

म्हणून माझा आग्रह: एकच गोष्ट, आणि ती तुमच्या काउंटीची. तुम्हाला ती शोधायला लांब जायचं नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये शुगर लँडमध्ये शाळेच्या इमारतीचं खोदकाम चालू असताना हाडं सापडली. एकूण ९५ माणसं, त्यांतली एक स्त्री, बाकी पुरुष. वयं १४ पासून ७० पर्यंतची असावीत असा अंदाज. हे गुलाम नव्हते. गुलामगिरी संपल्यानंतरचे कैदी होते, राज्याने उसाच्या मळ्यांना भाड्याने दिलेले. तेराव्या दुरुस्तीत 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तेवढं सोडून' अशी एक फट आहे. तिच्यातून हे सगळं आत आलं. १८७८मध्ये कनिंगहॅम आणि एलिस या दोन मळेवाल्यांनी टेक्सासातले सगळेच्या सगळे कैदी कंत्राटावर घेतले होते. रेजिनाल्ड मूर नावाचे एक माजी तुरुंगरक्षक वर्षानुवर्षं सांगत होते की इथे कुठेतरी कबरी आहेत. खोदकामाने त्यांना खरं ठरवलं.

हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस गप्प होते. उसाचं पातं हाताला कसं कापतं हे कोल्हापूरकराला सांगायला लागत नाही. आपण जिथे स्वस्तात चार बेडरूमचं घर घेतलं म्हणून खूश होतो, ती जमीन कशाची होती हे रजिस्ट्रीच्या कागदात येत नाही.

हाडं मात्र भिंतीवर काढू नका. तलावाच्या कडेची भिंत आहे, समोर पोरं डुंबणार आहेत, आणि त्या मृतांचा मानही राखायचाय. माझ्यासमोर ही भिंत असती तर मी ऊस काढला असता. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसाहून उंच ऊस, आणि त्यातून बाहेर येणारी, चेहरे स्पष्ट असलेली थोडी माणसं. किंवा जमीन. फोर्ट बेंड काउंटीतलंच केंडलटन हे गाव मुक्त झालेल्या लोकांनी मळ्याचे तुकडे विकत घेऊन वसवलेलं आहे. ह्यूस्टनमध्ये १८७२मध्ये रेव्हरंड जॅक येट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्गणी काढून दहा एकर जागा घेतली, का, तर जूनटीन्थ साजरा करायला हक्काची जागा हवी. तीच आजची इमॅन्सिपेशन पार्क. हुकुमातले 'मालमत्तेचे हक्क' हे शब्द लोकांनी किती शब्दशः घेतले बघा. हातात जमिनीचा कागद धरलेली बाई मला तुटलेल्या साखळीपेक्षा जास्त मुक्त वाटते.

पण हे मी ठरवायचं नाही, आणि माफ करा, तुम्हीही नाही. इथेच माझी फसलेली भिंत सांगते. एका चर्चच्या सभागृहाची होती. समितीने आराखडा मंजूर केला, आम्ही प्रायमर मारला, ग्राफ टाकून रेषा उतरवल्या, आणि मग कौतुकाने ज्येष्ठ मंडळींना बघायला बोलावलं. मिरवणूक, झेंडे, भाषण करणारा माणूस, सगळं होतं. ऐंशीच्या पुढच्या एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'यातलं कुणीच कुणाला शोधत नाहीये का?'

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सुटका झाल्यावर लोकांनी पहिलं काम काय केलं, तर विकली गेलेली आई, भाऊ, मुलं शोधायला निघाले. कित्येक मैल पायी. न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात त्यासाठी 'हरवलेले सोबती' असं सदरच चालायचं. टेक्सासातूनही त्यात जाहिराती जायच्या. आईचं नाव अमुक, मालक तमुक, शेवटचं पाहिलं तेव्हा मी एवढीएवढी होते. सुटकेनंतर दहा-वीस वर्षांनीही लोक शोधत होते. त्या आजींच्या घरात अशा शोधाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती आणि आमच्या चित्रात तिला जागा नव्हती. आम्ही मधला भाग पुसून पुन्हा काढला. दोन आठवडे गेले, रंग गेला, आणि घाईघाईत घातलेला तुकडा आजही ठिगळासारखा दिसतो. आजींना महिनाभर आधी चहाला बोलावलं असतं तर?

म्हणून आता मी पेन्सिल उचलण्याआधी तीन बैठका घेते. पहिलीत चित्राचा विषयच काढायचा नाही. फक्त ऐकायचं, आणि परवानगी असेल तर रेकॉर्ड करायचं. तुमच्या समितीतल्या बाईंना एकट्यांना सगळ्या समाजाच्या वकील करू नका, त्यांच्यावर तो भार अन्यायाचा आहे. तुमच्या शेजारचं मिझुरी सिटी, केंडलटन इथली जुनी चर्च, तिथली जुनी कुटुंबं यांना जाऊन भेटा. फोन करून बोलावू नका, तुम्ही जा. दुसऱ्या बैठकीत दोन-तीन कच्चे आराखडे, मुद्दाम कच्चे, कारण गुळगुळीत चित्राला लोक संकोचाने 'छान' म्हणतात. तिसरीत एकच, रंगीत. आणि समितीच्या कागदावर पहिल्या दिवशीच लिहून घ्या की या मंडळींनी 'नको' म्हटलं तर ते नको. एचओए असं लेखी देईल का हे तुमच्या मंडळावर अवलंबून आहे. काही मंडळं देतात, काही 'सल्लागार' एवढाच शब्द मान्य करतात. तेवढ्यावरही काम होतं, तुम्ही स्वतः शब्द पाळलात तर. भिंत एखाद्या जुन्या कृष्णवर्णीय चर्चची असती तर मी याबद्दल एक ओळही लिहिली नसती. तिथे 'नको' म्हणणारे घरातच असतात.

वारलीचं काय? नको. ती पालघर-डहाणूच्या आदिवासींची लग्नघरातली, शेतातली भाषा आहे. आपण ती आधीच कपबशांवर आणि मेट्रोच्या खांबांवर नेऊन ठेवली. इथे ती आणली तर एका समाजाची गोष्ट दुसऱ्या समाजाच्या लिपीत तिसराच माणूस लिहितोय असं होईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या बैठकीत कुणीतरी मराठी माणूस हमखास म्हणेल: जोतीराव फुल्यांचं चित्र घेऊ. दुवा खरा आहे, उसना नाही. १८७३चं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यातल्या त्यांच्या औदार्याबद्दल. गॅल्व्हस्टनच्या हुकुमानंतर आठच वर्षांनी, पुण्यात बसून. मला याचा अभिमान आहे, आणि तरीही मी फुल्यांना या भिंतीवर चढवणार नाही. उद्घाटनाला तुम्हाला दोन मिनिटं बोलायला मिळाली तर हे सांगा. मी एकदा सांगितलं होतं. नंतर एक शिक्षक ते नाव कागदावर लिहून घ्यायला आले.

आता काम. भिंत कुठल्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. दक्षिण किंवा पश्चिम असेल तर उन्हाने रंग लवकर उडतील. स्टकोचा गिलावा नवा असेल तर निदान २८ दिवस हात लावू नका, आणि जुन्या भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, दिसला तर आधी ओल कुठून येते ते शोधा. लोण्यावर मारलेला रंग पोपडे धरून सुटतो, मग वर कितीही महागडं वॉर्निश द्या. तलावाच्या बाजूला शिंतोडे आणि जमिनीतली ओल दोन्ही असणार. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमध्ये ब्लू ट्रँगल इमारतीत जॉन बिगर्स यांचं १९५३चं भित्तिचित्र आहे, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कर्तृत्वावरचं. या भागातल्या प्रत्येक चित्रकाराने ते बघावं. २०१७च्या हार्वी वादळानंतर छपरातून पाणी आलं आणि त्या चित्राला बुरशीने धरलं. एवढा मोठा चित्रकार, पण छपरापुढे त्याचंही चालत नाही. पन्हाळ आणि छप्पर आधी दुरुस्त करून घ्या, ते पैसे रंगाच्या पैशातून काढावे लागले तरी.

रंग शंभर टक्के ॲक्रिलिक, बाहेरच्या भिंतीचा, खाली गिलाव्याचा प्रायमर. लाल सांभाळून निवडा. जूनटीन्थला लाल लागतोच; झेंड्यात लाल, त्या दिवशीच्या सरबतातसुद्धा लाल. स्वस्तातला भडक लाल इथल्या उन्हात दोन-तीन वर्षांत गुलाबी पडतो. डबीवर क्विनॅक्रिडोन किंवा आयर्न ऑक्साइड लिहिलेला बघा. आयर्न ऑक्साइड म्हणजे आपला गेरूच. तो तुमच्याआमच्यानंतरही टिकेल. सकाळी काम करा. तापलेल्या भिंतीवर रंग धरायच्या आधीच वाळतो.

लोकांचे हात लागावेत असं वाटत असेल तर शिडीवर कुणाला चढवू नका. फिलाडेल्फियात भित्तिचित्रवाले वापरतात ती युक्ती करा: पातळ, न विणलेलं कापड जमिनीवर पसरायचं, त्यावर आकृत्या आखून प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक लिहायचा, आणि आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांनी टेबलावर बसून रंगवायचं. नंतर ते तुकडे ॲक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवायचे. जवळ गेलं तरी जोड दिसत नाही. चेहरे मात्र तुम्ही काढा, क्रमांकांवर सोडू नका.

एक कागद अजून. एचओएशी लेखी करार हवा: भिंत किती वर्षं राखणार, डागडुजी कोण करणार, पुसायची झाली तर किती दिवस आधी सांगणार. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने नावाजलेल्या कलाकृतीच्या चित्रकाराला हक्क आहेत. न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३मध्ये एका रात्रीत पांढरी केली. २०१८मध्ये न्यायालयाने २१ चित्रकारांना सुमारे ६७ लाख डॉलर द्यायला लावले. एचओए तुमच्याकडून हे हक्क सोडल्याची सही मागेल. सही करायची की नाही ते तुमचं, पण निदान आगाऊ सूचनेची अट सोडू नका.

तीन महिन्यांत हे सगळं होणार नाही. बैठकांनाच सहा आठवडे जातील. १९ जूनला भिंत पूर्ण करायचा हट्ट धरू नका. त्या दिवशी अंगणात टेबलं मांडा आणि कापड रंगवायचा कार्यक्रम करा, आणि ते कापड भिंतीवर ऑक्टोबरात, ऊन उतरल्यावर लावा. आमच्या चर्चच्या भिंतीला उशीर झाला तेव्हा मी माफी मागायला गेले, तर त्याच आजी हसून म्हणाल्या, 'जूनटीन्थच आहे ना? मग उशिराच यायला हवं.'

सध्या एवढं करा: भिंतीचे दोन फोटो पाठवा, एक दुपारी चारचा आणि एक जोराच्या पावसानंतर तासाभराने काढलेला. आराखडा आताच पाठवू नका.